परातभर हळद

हळद शिजू लागली की आमच्याकडची हवा जड होते. ओली माती, वाफ आणि कच्च्या कंदाचा उग्र, औषधी दर्प मिळून जो एक वास तयार होतो, तो खिडक्या लावून घेतल्या तरी उशीच्या अभ्र्यापर्यंत पोहोचतो. औंढ्याहून जवळा बाजारकडे निघाले की फेब्रुवारीत रस्त्याच्या दोन्ही अंगांना शेताशेतांत पिंपे धुमसत असतात आणि घरी येईपर्यंत पदर त्या वासाने भरून गेलेला असतो. त्यातच मी लहानाची मोठी झाले. पूर्वी तो वास आला की लग्नघरे आठवत. गेल्या वर्षापासून मात्र मला एक बाई आठवते, आणि तिच्याविषयी माझ्या मनात जे आहे त्याला मत्सरापेक्षा सभ्य शब्द मला अजून सापडलेला नाही. मी शाळेत मराठी शिकवते, कविता लिहिते. सभ्य शब्द शोधण्यात माझा हात सहसा कोणी धरत नाही. तरीही नाही सापडला.

ती डोंगराकडच्या आदिवासी आश्रमशाळेत क्रीडाशिक्षिका आहे. माझ्याहून चार-पाच वर्षांनी लहान असावी. अंगाने काटक, रंगाने गडद, टाचांना भेगा, आणि गळ्यात मंगळसूत्राच्या जोडीला शिट्टीची दोरी. तिला पाहण्याआधी मी तिचा आवाज ऐकला. माझी मुलगी आठवीत असताना उन्हाळ्याच्या सुट्टीत हिंगोलीला खो-खोचे निवासी शिबिर होते. रविवारी तिच्यासाठी डबा घेऊन मी गेले, तेव्हा मैदानाच्या भिंतीपलीकडून शब्द आले, "ऊठ माय, ऊठ. पडली म्हणून काय झालं? माती आपलीच हाय." त्या आवाजाला खरखर होती, कडक भाकरीच्या पापुद्र्याला असते तशी, आणि आत वाफेचा मऊपणा. भिंतीला वळसा घालून मी आत गेले, तर धुळीतून उठणारी ती 'माय' माझी मुलगी होती.

आमच्या भागात मोठी माणसे लहान मुलीला लाडाने माय म्हणतात. बाजारात भाजीवालीसुद्धा म्हणते. त्यात विशेष काही नाही. पण त्या दुपारी हातातल्या डब्याची कडी माझ्या बोटांत रुतू लागली. मुलीने डबा घेतला, दोन घास घाईने खाल्ले आणि उरलेल्या पोळ्या मैत्रिणींत वाटून टाकल्या. मैत्रिणी आश्रमशाळेच्याच होत्या. त्यांच्यापैकी एकीने माझ्या पोळीचा तुकडा त्या बाईंच्या तोंडात भरवला. बाई डोळे मिटून म्हणाल्या, "वा! तूप हाय, माय." माझ्याकडे पाहून हसल्याही. मी हसले की नाही, आठवत नाही.

शिबिराहून मुलगी आली ती दुसऱ्याच वासाची होऊन. घोट्यांना कापूर घातलेले खोबरेल चोळायचे, हे तिने तिकडून आणले. वेण्या वर दुमडून बुटाच्या काळ्या नाडीने बांधायच्या, हेही तिकडचेच. आणि भाषा. "आई, मला काहून उठवलं नाहीस?" असे तिने पहिल्याच सकाळी विचारले. मी म्हटले, "का नाही उठवलंस." ती म्हणाली, "तेच. काहून?" आणि खळखळून हसली. मी पंधरा वर्षे वर्गात सांगत आले आहे की बोली ही भाषेची गंगोत्री आहे. स्वतःच्या ओट्याशी मात्र मला तिचे एकेक 'काहून' पायात काटा मोडावा तसे खुपत होते. कारण ती बोली आमच्या गावातूनही आली असती, तशी ती आली नव्हती. ती एका विशिष्ट तोंडातून आली होती.

त्यानंतर घरातले प्रत्येक दुसरे वाक्य 'मॅडम म्हणतात' असे सुरू होऊ लागले. मॅडम म्हणतात, खांबाला वळसा घालताना खांबाकडे बघायचं नाही. मॅडम म्हणतात, रात्री दूध नको, पेज घ्यावी. माझ्या हातचे दूध तिने दहा वर्षे प्यायले होते.

आमची शाळा आणि ती आश्रमशाळा यांच्यातली चुरस जुनी आहे. दर फेब्रुवारीत मुलींच्या खो-खोचा अंतिम सामना बहुधा या दोघींतच होतो, आणि मैदान आमच्याकडे चांगले असल्याने तो होतो आमच्याकडेच. पाहुणा संघ आदल्या दिवशी येतो. आमच्या मुली दारातच त्यांना हळदकुंकू लावतात, पिठलंभाकरीचे जेवण होते, दहावीच्या वर्गात सतरंज्या अंथरल्या जातात. आणि सामन्याआधी एकीने दुसरीची खोडी काढायची, हाही या पाहुणचाराचाच भाग आहे. ती कोणी सुरू केली ते आता कोणालाच सांगता येत नाही. दोन वर्षांपूर्वी आश्रमशाळेच्या मुलींनी आमच्या साऱ्या संघाचे बूट एकत्र गाठवून लिंबाच्या शेंड्याला टांगले होते. आमच्या मुली हसत हसत चढल्या होत्या. मीही खाली उभी राहून हसले होते.

गेल्या वर्षी आमची पाळी होती, आणि संघनायिका माझी मुलगी होती.

सामन्याच्या दिवशी चहापाण्याची व्यवस्था माझ्याकडे असल्याने मी उजाडताच शाळेत पोहोचले. व्हरांड्यात शिरताच वास आला. शिजत्या हळदीचा नव्हे. दुधाच्या सायीत आणि बेसनात कालवलेल्या हळदीचा, गोडसर, अंगाला बिलगणारा. दहावीच्या वर्गाच्या दारात पाट मांडला होता. पाटाभोवती रांगोळी होती. पाटावर शाळेतल्या खिचडीसाठीची मोठी परात आणि त्यात काठोकाठ उटणे. बाजूला हातभर अंतरावर छोटे छोटे आरसे ओळीने लावलेले. आणि परातीसमोर, फरशीवर, रांगोळीने रेखलेली अक्षरे: घासा. उजळा. मग मैदानात उतरा.

अक्षर वळणदार होते. उ नेमका गोल, काना सरळ. ते वळण मीच लावलेले होते, बोट धरून, पाटीवर.

दारात आश्रमशाळेच्या मुली उभ्या होत्या.  आरशांत त्यांचे चेहरे तुकड्यातुकड्यांनी दिसत होते. पलीकडे लिंबाच्या आडून आमच्या मुलींचे दाबलेले हसू ऐकू येत होते, आणि मग तेही थांबले, कारण मैदानाकडून वेगळाच हशा उठला.

त्यांच्या संघात सहावीतली एक राखीव खेळाडू होती. आश्रमशाळेबाहेर मुक्कामाला ती पहिल्यांदाच आलेली. ती सगळ्यांच्या आधी उठली होती. पाट, रांगोळी, हळद पाहून तिला वाटले, संध्याकाळी कपाळाला लावली तशी सकाळी अंगाला लावायची असेल; या गावात पाहुण्यांना असाच मान देत असतील. तिने तोंडाला, मानेला, कोपरापर्यंत दोन्ही हातांना भरभरून उटणे चोळले आणि तशीच मैदानावर गेली. तिथे तिच्या बाई चुन्याच्या फक्कीने चौकोन आखत होत्या. सामना पाहायला लवकर आलेली माणसे बांधावर बसली होती. पिवळीजर्द पोर त्या सगळ्यांसमोरून हसत गेली आणि म्हणाली, "मॅडम, तुमी न्हाई लावली?"

लोक हसले. मी व्हरांड्याच्या टोकाशी पोहोचले तेव्हा बाई गुडघ्यांवर बसल्या होत्या. त्यांनी मुलीचा हात नाकाशी नेला, हुंगला. मग उठून सरळ वर्गाच्या दाराशी आल्या, फरशीवरचे वाचले, आणि परत गेल्या. मुलीला त्यांनी नळाखाली धुतले. पण हळद अशी जात नसते. सामना सुरू झाला तेव्हा राखीव खेळाडूंच्या बाकावर ती पोर बसली होती आणि तिची मान शेवंतीसारखी पिवळी दिसत होती.

सामना आम्ही जिंकलो, अगदी थोडक्यात. माझी मुलगी तशी खेळताना मी कधी पाहिली नव्हती. खांबावरून सूर मारून तिने शेवटचा गडी टिपला, धुळीतून उठली आणि तिने पाहिले ते त्या बाईंकडे. प्रत्येक गडी बाद केल्यावर तिने तिकडेच पाहिले होते. मी बांधावर सगळ्यांत पुढे, नवी साडी नेसून उभी होते. माझ्यावरून तिची नजर वाऱ्यासारखी निघून जात होती. आणि बाई? त्या फक्त आपल्या मुलींकडे पाहत होत्या. त्या क्षणी आम्हा मायलेकींना एकच गोष्ट जाळत होती, हे मला दिसत होते. दोघींनाही जिथून हवी होती, तिथून नजर मिळत नव्हती.

घरी आल्यावर हळदीचा डबा उघडला. तळाशी फक्त दोन बोटांचा थर उरला होता.

राज्य स्पर्धेसाठी मुलींचा जिल्हा संघ त्याच महिन्यात शिबिराला जाणार होता. माझ्या मुलीची निवड झाली होती. शाळेने नाव कळवायचे तेवढे बाकी होते. त्या संघाच्या प्रशिक्षक त्याच बाई होत्या. महिनाभराचे सराव शिबिर, मग प्रवास, मग स्पर्धा. माझी मुलगी सहा महिने त्या एका महिन्यासाठी जगत होती, हे घरातल्या भिंतींनाही माहीत होते. आता आश्रमशाळेकडून निरोप आला की झाले ते गंमत म्हणून सोडता येणार नाही. आमच्या मुख्याध्यापकांनी शनिवारी शाळा सुटल्यावर बैठक बोलावली. खोडी अपमानाची ठरली, तर संघनायिकेचे नाव पाठवता येणार नव्हते.

त्या आठवड्यात गावात याशिवाय दुसरा विषय नव्हता. पिठाच्या गिरणीत, दवाखान्यात, बसस्थानकावर, हळद हा अपमान कसा होईल असेच सगळे एकमेकांना विचारत होते. आमच्याकडे हळद पिकते, हळदीवर लग्ने होतात, हळदीवर पोरे शिकतात. देवाला हळद, नवरीला हळद, नव्या गाडीच्या चाकाला हळद. जी गोष्ट आपण देवाच्या कपाळी लावतो ती कोणाला बोचूच शकत नाही, अशी साऱ्या गावाची खात्री होती, आणि मी ती खात्री हातात घेऊन तिला धार लावत बसले. मुलगी अभ्यासाच्या टेबलाशी वही उघडी टाकून बसलेली असे. एकदा ती म्हणाली, "आई, बैठकीत मी..."

"तू एक शब्दही बोलायचा नाही," मी म्हटले. "मी आहे ना."

"पण मला..."

"मी आहे म्हटलं ना."

मला तिला वाचवायचे होते, यात शंका नको. पण तिचे नाव टिकले तर ती महिनाभर त्या बाईंच्या स्वाधीन होणार, हेही मी विसरू शकत नव्हते. मी भाषण मनात घोळवत असे आणि मध्येच कापराचा वास येई; मुलगी पलीकडच्या खोलीत घोटे चोळत असे. तो वास आला की माझ्या भाषणातली एखादी चांगली ओळ मला सुचेनाशी होई.

शनिवारी मुख्याध्यापकांच्या खोलीत आम्ही पाच जण होतो: मुख्याध्यापक, शाळा समितीचे अध्यक्ष, त्या बाई, मी आणि माझी मुलगी. अध्यक्ष मोठे बागायतदार; बोलताना उपरणे मांडीवर घडी करायची त्यांची सवय. त्यांनीच सुरुवात केली.

"अवो मॅडम, पोरीबाळींची गंमत ती. तुमच्या पोरींनी आमच्या पोरींची बुटं लिंबाला टांगली व्हती. आमी आलतो का बैठक घेऊन?"

"बुटं उतरवून घेतली न तुमी?" बाई म्हणाल्या. "कातडं कुठं उतरवून ठिवावं पोरींनी?"

"घ्या! आता कातड्यावर आल्या. अवो, आमच्या पोरी तरी कुठं दुधात धुतल्यात? या उन्हात समदेच काळे. मी काय गोरा हाय?"

"तुमाला कुनी परात आनून दिली का साहेब?"

मुख्याध्यापक चष्मा पुसत म्हणाले, "आपण गैरसमज हा शब्द वापरू. झाल्या प्रकाराने गैरसमज झाला, असं. त्यात कुणालाच तकलीफ नाही."

"गैरसमज एकीचाच झाला सर," बाई म्हणाल्या. "जी लावून आली तिचा. बाकीच्यांना बराबर समजलं."

मग मी बोलले. मी तयारीने आले होते आणि चांगले बोलले, हे मला आजही मान्य करावे लागेल. हळद आमच्या मातीतले सोने आहे, म्हटले. ती मंगल आहे. आपल्या कवितेने सावळ्या रंगावर जितका जीव टाकला तितका गोऱ्यावर कधी टाकला नाही. आपला देव सावळा, मेघ सावळा. औंढ्याच्या गाभाऱ्यात ज्या पिंडीपुढे आपण सगळे वाकतो ती काळीच आहे. ज्या समाजाचे दैवत काळे, तो समाज काळ्या रंगाला हिणवेल कसा? मुलींनी सणाच्या दिवशी दारात उटणे ठेवावे तसे ठेवले. शब्द थोडे अल्लड झाले असतील, एवढेच.

बोलत असताना माझ्या स्वतःच्या मानेमागची त्वचा चरचरत होती. मला पाहायला मंडळी येणार असली की आई सकाळीच डाळीचे पीठ आणि हळद कालवून बसे. कोपर, मान, गुडघे. ती घासत असे आणि मी खिडकीतून दिसणारी शेवग्याची शेंग पाहत असे. 'घासा' या शब्दाचा अर्थ मला शब्दकोशात पाहावा लागणार नव्हता. पण माझी मुलगी भिंतीशी उभी होती, आणि मी बोलत राहिले.

बाईंनी शेवटपर्यंत ऐकून घेतले. मग म्हणाल्या, "देवाच्या दारात परात ठिवून कुनी 'घासा' लिवलं का मॅडम?"

 अध्यक्षांचे हात उपरण्यावर थांबले. आणि मला, त्या प्रसंगात, एवढेच वाटले की हे वाक्य माझे असायला हवे होते. मी रात्र रात्र जागून ज्या ओळी खोडते, त्यांतली एकही अशी सरळ उभी राहत नाही. त्या बाईला माझी मुलगी मिळाली होती, आणि आता माझी भाषाही तिच्याच तोंडी शोभत होती.

मी म्हटले, "वाक्यं टाळ्या घेणारी आहेत. पण तुम्ही एका मुलीचं भविष्य..."

त्यांचाही तोल गेला. टेबलावर हात आपटून त्या म्हणाल्या, "आन् माझ्या पोरींचं? तुमच्या घरात जे चालतं तेच लेकरू शिकतं. आनखी कुठून येनार?"

हे अन्यायाचे होते. मी खुर्चीतून अर्धी उठले. मुख्याध्यापक दोन्ही हात वर करून "मॅडम, मॅडम" म्हणू लागले. आम्हा दोघींनाही तेच संबोधन असल्याने ते कोणाला आवरत होते ते कळेना. बाईंनी डोळे मिटले, उघडले. "ते चुकलं माझं. मागं घेते," त्या म्हणाल्या. आणि मग अगदी खालच्या आवाजात, "लहानीला अजून सांगितलं न्हाई आमी. ती समजून राहिली की तुमच्या गावात पाव्हण्यांना अशीच हळद लावतात. घरी गेली तर मायबापाला कौतुकानं सांगून आली. पुढच्या साली परत येनार म्हनते. तुमी गंमत म्हना, अपमान म्हना, गैरसमज म्हना. पन तिला काय सांगावं, तेवढं मला आज ठरवून द्या."

अध्यक्ष खिडकीबाहेर पाहू लागले. मुख्याध्यापकांनी चष्मा पुन्हा पुसायला घेतला. मी पर्समधून रुमाल काढला.

बाईंनी खुर्ची वळवली. पहिल्यांदाच, त्या सकाळनंतर पहिल्यांदाच, त्यांनी माझ्या मुलीकडे पाहिले.

"माय, ते तू लिवलं?"

"व्हय," मुलगी म्हणाली.

"तिने बोलायची गरज नाही," मी म्हटले. कोणी ऐकले नाही.

"काहून लिवलं?"

मुलीने भिंतीचा आधार सोडला. नाडीने बांधलेल्या वेण्यांखाली तिचे कान लाल झाले होते. "शिबिरात तुमच्यातली एक माझ्या बाजूला झोपायची," ती म्हणाली. "ती सांगत होती, बाजारात गेलं की लोक आमच्या तोंडाकडं बघूनच म्हणतात, तुमी डोंगरावरच्या का. दुकानदार बांगडी हातात देत नाही, खाली ठेवतो. एकदा तिनं साबण घासून घासून गाल सोलून घेतला होता. हे तिनं फक्त मला सांगितलं होतं." ती थांबली. "मला माहीत होतं कुठं लागंल ते. म्हणून तेच लिहिलं. लहानी तसं करील हे माहीत नव्हतं. बाकी सगळं माहीत होतं."

"पोरी," अध्यक्ष म्हणाले, "तू गप राहा, लेकरू हायस तू..."

"लेकरू हाय म्हनूनच इचारून राहिले," बाई म्हणाल्या, त्यांच्याकडे न पाहता. "त्यांचा राग होता का तुला?"

"नाही."

"मग?"

 बाहेर मैदानावर कोणीतरी चेंडू भिंतीवर मारत होते, आणि त्याचा आवाज एकेक करून आत येत होता.

"त्या रोज तुमच्याजवळ असतात," मुलगी म्हणाली. "वर्षभर. मला पंधरा दिवस मिळाले. दारात हळदकुंकू लावताना तुम्ही मला ओळख दिल्यासारखं केलं आणि त्यांना मोजत आत गेलात. वाटलं, तुम्ही रागावून तरी माझ्याकडं बघाल." 

मला ते वाक्य अंगात शिरताना जाणवले. त्यातला प्रत्येक शब्द माझ्या ओळखीचा होता. पोळ्यांच्या डब्यापासून मी तेच वाक्य मनात घेऊन फिरत होते. फक्त माझ्या वाक्यात 'तुम्ही'च्या जागी माझी मुलगी होती.

"मग मी तिला सांगते," बाई म्हणाल्या. "हेच. जसं तू सांगितलं तसं."

"मी सांगू का?" मुलगी म्हणाली. "तिला मी सांगते. येते तिकडं."

बाईंनी मान हलवली. मुख्याध्यापक घसा साफ करून म्हणाले, "म्हणजे मग... नाव पाठवता येणार नाही. बरोबर ना, मॅडम?" या वेळी ते माझ्याकडे पाहत नव्हते.

मला वाटले, बाई आता मोठ्या मनाने माफ करतील. मी त्याचीही धास्ती घेऊन बसले होते, कारण तसे झाले असते तर मुलगी कायमची त्यांची झाली असती. पण त्या म्हणाल्या, "व्हय. या साली न्हाई." त्यांचे डोळे भरले होते आणि आवाज सरळ होता. त्या उठल्या. मुलगी दोन पावले पुढे आली, आणि माझ्यासमोर, माझ्या हातात रुमाल उलगडलेला असताना, तिने कपाळ त्यांच्या खांद्यावर टेकले. बाईंचा भेगाळलेला तळहात तिच्या मानेवर जाऊन बसला. कापूर, घाम, फक्कीची धूळ. त्या वासाच्या वर्तुळाबाहेर मी उभी होते आणि रुमालाची घडी पुन्हा घालत होते.

निर्णय काय झाला, हे गावाला कळायला वेळ लागला नाही. कोणी म्हणाले, आश्रमशाळेवाल्यांनी फार ताणले. कोणी म्हणाले, बरे झाले. दोन्ही बोलणी मी गिरणीच्या रांगेत उभी राहून ऐकली. पण ते नंतरचे.

त्या संध्याकाळी स्कूटरवर मुलगी मागे बसली. नेहमी ती माझ्या कमरेला हात घालते. त्या दिवशी तिने मागची दांडी धरली. रस्त्याकडेच्या शेतांत पिंपांखालचा जाळ लाल दिसत होता आणि पिवळी वाफ आमच्या अंगावरून जात होती. पणाला लागलेले ते शिबिर गेले, महिनाभर ती माझ्यापाशीच राहणार होती, आणि तरी माझ्या हाती काही आले नव्हते. आरशात मला तिचा अर्धा चेहरा दिसत होता: माझ्याच आईची हनुवटी, माझाच रंग, उन्हाने आणखी गडद झालेला. चेहरा सुटल्यासारखा, हलका दिसत होता. मी एवढी बोलले, त्याने तो तसा झाला नव्हता.

घरी आल्यावर तिने हातपाय धुतले. मी चहा ठेवला. आले ठेचताना हात थांबेना, ते पार लगदा होऊन गेले. ती ओट्याशी येऊन उभी राहिली, तेव्हा पाठमोरीच मी बोलून गेले. मला विचारायचे वेगळेच होते, पण निघाले ते हे.

"त्या बाईंना सगळं सांगितलंस. एका दमात. मी तुझी आई आहे. आठवडाभर एका छपराखाली होतो. मला का नाही सांगितलंस?"

चहा वर आला. तिने हात पुढे करून गॅस बारीक केला आणि माझ्याकडे पाहिले. रागाने नव्हे, खो देण्याआधी बसलेल्या मुलीच्या पाठीकडे पाहतात तसे, नेमके.

"विचारलंस?"